वहाळाचा हिशेब



आम्हांला या व्याख्यानमालेचे निमंत्रण आले तेव्हा आम्ही मजुरीच्या दरांवर किंवा वीटभट्टीवरील कामगारांच्या उचलीवर बोलू, अशी चिटणिसांची समजूत होती. पाण्यातल्या किड्यांवर बोलणार असे कळविल्यावर त्यांनी पुन्हा विचारणा केली. त्यांचे काही चुकले असे नव्हे. आमची शाळा लवकर सुटली. जे काही वाचले ते गावच्या वाचनालयात आणि एसटीच्या बाकावर. हयात गेली मोर्चे, बैठका आणि कचेरीचे उंबरे यांत. अशा माणसाने किड्यांवर बोलावे हे थोडे चमत्कारिक खरेच. परंतु हा विषय आम्ही निवडला नाही. तो आमच्या पदरात टाकला एका म्हातारीने.

काही वर्षांपूर्वी शहापूर तालुक्यात डोळखांबच्या बाजूला एका कातकरी वाडीवर आमची बैठक होती. विषय नेहमीचाच. रोज किती मागायचा, तो का मागायचा, हे लोकांना पटावे म्हणून आम्ही कंदिलाच्या उजेडात घरखर्चाचा हिशेब मांडत होतो. तांदूळ इतका, तेल इतके, मीठमिरची इतकी, दवापाणी इतके. बेरीज झाली. तेव्हा मागे भिंतीला टेकून बसलेली एक म्हातारी म्हणाली, "दादा, समदा मांडलास, पण वहाळाचा कुठं मांडलास?"

लोक हसले. आम्हीही हसलो. घरी परतताना मात्र आमच्या ध्यानात आले की हिशेबात खरोखरच चूक होती. पूर्वी त्या वाडीतल्या घरांत आठवड्यातून दोन-तीन दिवसांचे कालवण वहाळातून येत असे. खेकडे, झिंगे, बारकी मासळी, दैव असेल तर एखादी मरळ किंवा वाम. पहिल्या पावसात वलगण चढली की लहान पोरेसुद्धा टोपली भरून आणीत. हे कालवण विकत घ्यावे लागत नव्हते, म्हणून आमच्या वहीत त्याला रकाना नव्हता. ते आता मिळेनासे झाले, म्हणजे न सांगता मजुरी कापली गेली. आणि ही कपात कोणत्याही मालकाने केली नव्हती. मग ती केली कोणी, हे शोधता शोधता आम्ही किड्यांपाशी येऊन पोहोचलो.

शहापूर आणि मुरबाड हे तालुके आपल्यापैकी पुष्कळांनी गाडीच्या खिडकीतून पाहिले असतील. पूर्वेला सह्याद्रीची धार, माळशेज, नाणेघाट, आजोबाचा डोंगर. तिथून पावसाळ्यात असंख्य वहाळ खाली धावतात. ते भातसेला, काळूला, शाईला मिळतात. भातसा काळूला मिळते आणि काळू उल्हासला. याच शहापूर तालुक्यातल्या तानसा धरणाचे पाणी 1892 पासून मुंबई पिते. मोठ्या नद्या आणि धरणे यांची मोजमापे सरकारदरबारी आहेत. परंतु वहाळ हा फार गरीब नातलग. त्याचे पुष्कळदा नकाशावर नावसुद्धा नसते.

अशा वहाळात दिवाळीच्या सुमारास, पाणी निवळल्यावर, गुडघाभर पाण्यातला एखादा धोंडा उचलून उलटा करावा. खालच्या अंगाला एक वस्ती दिसते. चपट्या अंगाचे, शेपटाला दोन-तीन केसांसारखे तंतू असलेले बारके किडे धोंड्यावरून सरसर पळतात. त्यांना इंग्रजीत मेफ्लाय म्हणतात. पाण्यात महिनोन् महिने राहायचे आणि पंख फुटल्यावर एखादा दिवस जगायचे, असा त्यांचा जन्म. दुसरा एक किडा वाळूचे कण आपल्या लाळेच्या धाग्याने जोडून नळीसारखे घर बांधतो आणि त्यात राहतो. त्याचाच एक भाऊबंद दगडांच्या फटीत जाळे विणून वाहत्या पाण्यातले अन्न गाळून घेतो. त्याला कॅडिस म्हणतात. आपल्या परिचयाचा चतुर आणि त्याची सडपातळ बहीण टाचणी यांचे बाळपणही पाण्यातच जाते, आणि त्या वयात ते डासांच्या अळ्या खाऊन वाढतात.

हे किडे काय करतात? काठावरच्या झाडांचा पाला पाण्यात पडतो, त्याचे तुकडे करून तो खातात. धोंड्यांवरचे शेवाळ खरवडतात. पाल्याचे आणि शेवाळाचे रूपांतर ते मांसात करतात. ते मांस खातात मासे, झिंगे, खेकडे, आणि त्यांना खातो माणूस. थोडक्यात, म्हातारीचे कालवण या धोंड्याखाली शिजत असते.

आता विष या वस्तीपर्यंत कसे पोहोचते ते पाहू. आपल्याकडे फवारणीला 'औषध मारणे' म्हणतात. या एका शब्दाने केवढा घोटाळा केला आहे! औषध म्हटले की ते जितके जास्त तितका गुण लवकर, असे वाटू लागते.

पावसाळ्यात भाताचे खाचर पाण्याने भरलेले असते. एका खाचराचे पाणी बांधावरून दुसऱ्यात, दुसऱ्याचे तिसऱ्यात, आणि शेवटच्याचे वहाळात. खोडकिडा, तुडतुडे, लष्करी अळी यांच्यासाठी जे दाणेदार किंवा पातळ औषध खाचरात पडते, ते जोराची सर आली की याच वाटेने खाली जाते. खेकडे बांध फोडतात म्हणून कोणी बिळात विष घालतो. तेही पाण्याच्याच वाटेवर. तरीही पावसाळ्यात पाणी पुष्कळ असते. विष पातळ होते, पुढे वाहून जाते.

खरी कठीण वेळ येते ती नंतर. भात कापून झाले की ज्यांना पाणी आहे ते भेंडी, काकडी, कारली, गवार लावतात. आमच्या भागातली भेंडी शहरांत जाते आणि विमानाने परदेशीही जाते. मावा, तुडतुडे, पांढरी माशी, फळ पोखरणारी अळी यांच्या भयाने भेंडीवर पुन्हा पुन्हा फवारा बसतो. त्याच दिवसांत वहाळ आटत आटत नुसते डोह उरतात. वहाळातला उरलासुरला जीव त्या डोहांत गोळा झालेला असतो. आणि पंप धुवायला, औषध कालवायला, रिकामी बाटली विसळायला जागा कोणती? तोच डोह. शेतासाठी पातळ करायचे विष तिथे बाटलीच्या तळाचे असते तसे उतरते.

शिवाय एक पाप आहे ते आम्ही झाकणार नाही, कारण त्यात आमचीही माणसे असतात. मासे मारण्यासाठी डोहात कीटकनाशक ओततात. पूर्वी आदिवासी गेळाची फळे ठेचून डोहात टाकीत आणि गुंगलेले मासे धरीत. त्याचा अंमल थोड्या वेळाचा, त्या डोहापुरता. बाटलीतले विष तसे नव्हे. ते मोठ्या माशाबरोबर पिल्लू मारते, आणि पिल्लाने जे खायचे तेही मारते. एका दिवसाच्या चैनीसाठी वर्षाचे भांडवल बुडते.

इतक्या थोड्या विषाने किडे मरतात कसे, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. हे द्रव्य कीटकाच्या मज्जातंतूंवर घाव घालण्यासाठीच बनविलेले आहे. मज्जातंतूचा निरोप पोहोचला की तो पुसून टाकण्याची शरीरात व्यवस्था असते. जुन्या औषधांपैकी पुष्कळ औषधे ही पुसण्याची व्यवस्थाच बंद पाडतात. नव्या औषधांतील इमिडाक्लोप्रिडसारखी द्रव्ये स्वतःच खोटा निरोप बनून तंतूला चिकटतात. भेंडीवरचा मावा आणि धोंड्याखालचा मेफ्लाय यांचे तंतू एकाच घडणीचे. विषाला कीड कोणती आणि पाहुणा कोणता हे वाचता येत नाही.

आणि मरण्याइतके विष नसले तरी काम बिघडते. किडा गुंगतो, खाणे सोडतो, धोंड्याची पकड सोडतो आणि पाण्याबरोबर वाहून जातो. पायरेथ्रॉइड जातीची औषधे गाळाला चिकटून राहतात आणि तळाशी राहणाऱ्यांनाच गाठतात. इमिडाक्लोप्रिडच्या जातीची पाण्यात सहज विरघळतात. दोन्ही वाटा वहाळाकडेच जातात.

हे आम्ही आमच्या डोक्यातून काढलेले नाही. जगाने याची किंमत पूर्वीच दिली आहे. कॅनडातील मिरामिची नदीवर 1950 पासून सामन माशांची मोजदाद चालू होती. 1954 च्या जूनमध्ये तिथल्या जंगलावर एका अळीसाठी विमानांतून डीडीटी फवारले गेले. दोन दिवसांत काठाला मेलेले मासे दिसू लागले. जे मासे विषाने मेले नाहीत त्यांच्या पुढ्यातले अन्न गेले, कारण पाण्यातले किडे नाहीसे झाले होते. त्या वसंतात जन्मलेल्या पिल्लांपैकी ऑगस्टपर्यंत एकही उरले नाही. योगायोग असा की मोजदाद आधीपासून चालू होती, म्हणून हे कळले. रेचेल कार्सन या बाईंनी 1962 साली आपल्या 'सायलेंट स्प्रिंग' या पुस्तकात ही हकीकत जगापुढे मांडली.

ही जुनी गोष्ट, डीडीटीची, असे कोणी म्हणेल. आपल्या शेतीतून डीडीटी 1989 साली हद्दपार झाले, हे खरे. मग नवी गोष्ट ऐका, आणि तीही आपल्यासारख्याच भातखाऊ मुलखाची. जपानात शिंजी नावाचे सरोवर आहे. आजूबाजूच्या भातशेतीचे पाणी त्यात उतरते. 1993 साली इमिडाक्लोप्रिडच्या जातीची औषधे तिथे वापरात आली. 2019 साली शास्त्रज्ञांनी जुन्या नोंदी तपासून दाखविले की त्यानंतर पाण्यातले सूक्ष्म प्राणी वसंत ऋतूत 83 टक्क्यांनी घटले, आणि ते खाऊन जगणाऱ्या एका माशाची वर्षाची पकड 240 टनांवरून 22 टनांवर आली. युरोपातील ओढ्यांची पाहणी 2013 साली प्रसिद्ध झाली, तीत कीटकनाशकांनी दूषित झालेल्या ओढ्यांत पाणकिड्यांच्या प्रकारांची संख्या 42 टक्क्यांपर्यंत कमी आढळली. यात लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की कायद्याने निर्धोक मानलेल्या प्रमाणातही घट होतीच.

आता कायद्याकडे वळू, कारण कायद्याशी आमचा रोजचा संबंध. 1958 साली केरळात पॅराथिऑन हे विष मिसळलेल्या धान्याने शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यातून पुढे 1968 चा कीटकनाशक कायदा झाला. बाटलीवर रंगीत त्रिकोण आला. लाल अत्यंत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. भाजीपाल्यावर मोनोक्रोटोफॉस वापरण्यास 2005 साली बंदी झाली. एन्डोसल्फान सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली थांबविले. फोरेट 2020 च्या अखेरीस बंद झाले. हे सारे स्वागतार्हच आहे. तरीही 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर प्राणाला मुकले, हे आपण विसरता कामा नये.

परंतु त्या त्रिकोणाविषयी एक गोष्ट आम्हांला फार उशिरा कळली. तो रंग ठरतो उंदरासारख्या सस्तन प्राण्यावरील चाचणीवरून, म्हणजे माणसाला धोका किती यावरून. पाण्यातल्या किड्यांना धोका किती हे तो रंग सांगत नाही. आज हिरव्या त्रिकोणाची अशी औषधे बाजारात आहेत की जी माणसाला पूर्वीच्या मानाने सौम्य, पण पाण्यातल्या बिनकण्याच्या जिवांना जहाल. दुकानदार म्हणतो, "हिरवे आहे, बिनधास्त मारा." मजुराच्या दृष्टीने ते खरे असते. वहाळाच्या दृष्टीने नव्हे. एक विष बंद होते, दुसरे येते, आणि प्रत्येक वेळी प्रश्न एकच विचारला जातो की माणूस कोसळतो का? वहाळात कोण कोसळले, हे पाहायला पंचनामा करणारा कोणी जात नाही.

येथे आम्हांला एक कबुली दिली पाहिजे. आमच्या तरुणपणी, 1990 नंतरच्या वर्षांत, आम्ही तहसील कचेरीवर एक मोर्चा नेला होता. भातावर कीड पडली होती आणि मागणी होती, 'अनुदानाचे औषध वेळेवर मिळालेच पाहिजे.' घोषणा आम्हीच लिहिल्या होत्या. औषध मिळाले. पेढे वाटले. त्या शिवाराचे पाणी कुठल्या वहाळात जाते, आणि त्या वहाळावर कोणाची चूल अवलंबून आहे, हा प्रश्न त्या दिवशी आमच्यापैकी एकालाही सुचला नाही. मोर्चात शेतकरी होता, खंडकरी होता. म्हातारीच्या वाडीचे कोणी नव्हते, कारण वाडी त्या वेळी भट्टीवर गेली होती. म्हणून आज आम्ही शेतकऱ्याला दोष द्यायला उभे नाही. तो अधिकार आम्ही स्वतःच गमावलेला आहे.

आणि शेतकऱ्याचा दोष तरी किती? बियाणे उधारीवर, खत उधारीवर, औषधही त्याच दुकानातून उधारीवर. ज्याचे देणे लागतो त्याच्याच तोंडून सल्ला घ्यायचा. भेंडीला एक छिद्र दिसले की व्यापारी माल बाजूला काढतो. तो तरी का काढतो? कारण तुम्ही-आम्ही मंडईत भेंडीचे शेंडे मोडून, उलटसुलट करून, डाग दिसला की टाकून देतो. म्हणजे वहाळात विष ओतणाऱ्या हातांच्या साखळीत एक हात आपलाही आहे.

मग उपाय नाही काय? आहे, आणि तो देशाच्या पातळीवर करून दाखविलेला आहे. इंडोनेशियात भातावर तपकिरी तुडतुड्याने कहर केला. जितकी फवारणी वाढे तितका तुडतुडा वाढे, कारण त्याला खाणारे कोळी आणि पाण्यावर धावणारे बारके किडे आधी मरत. 1986 साली सरकारने भातावरील 57 कीटकनाशकांवर एकदम बंदी घातली, पुढे तीन वर्षांत औषधांचे अनुदान काढून घेतले, आणि शेतकऱ्यांना बांधावर बसवून मित्रकीड कोणती व शत्रुकीड कोणती हे शिकविले. भात बुडाला नाही. बुडाली ती औषधांची विक्री.

आपल्याकडेही शेतीखाते आणि विद्यापीठे हेच सांगतात. शंभर फुटव्यांत पाच खोडकिड्याने सुकेपर्यंत औषधाला हात लावू नये. लावणीपूर्वी रोपांचे शेंडे खुडावेत, म्हणजे पानांच्या टोकावरची खोडकिड्याची अंडी आपोआप जातात. कापणीनंतर शेत नांगरून धसकटे वेचावीत. कामगंध सापळे लावावेत, पक्ष्यांना बसायला काठ्या रोवाव्यात. यांत महाग असे काही नाही. परंतु हे एकट्याने करून भागत नाही. एकाने सापळा लावला आणि शेजाऱ्याने पंप उचलला की दोघेही फसतात. संप जसा एकट्याचा होत नाही, तसेच हे.

वहाळापुरते म्हणाल तर आमच्या मागण्या चारच आहेत. पंप आणि बाटली वहाळात धुवायची नाही. धुवण शेताच्या कोपऱ्यात, पाण्यापासून दूर जिरवायचे. पाऊस अंगावर आला असताना फवारायचे नाही. वहाळाच्या दोन्ही काठांना चार-पाच हातांची गवताझाडांची पट्टी राखायची; ती गाळ अडविते आणि गाळाबरोबर विषही. आणि डोहात विष ओतून मासे मारणाऱ्याला, तो आपला असला तरी, पाठीशी घालायचे नाही. आपल्यापैकी ज्यांनी त्या बाजूला फार्महाऊस घेतले आहे, त्यांच्या हिरवळीलाही हेच नियम लागू, हे नम्रपणे सांगतो.

एक आशेची गोष्ट आहे. डोंगरउताराचा, जंगलातला वहाळाचा वरचा भाग अजून पुष्कळ ठिकाणी शाबूत आहे. तिथले किडे पाण्याबरोबर खाली येतात, पंख फुटले की उडत जाऊन अंडी घालतात आणि उजाड झालेला पट्टा पुन्हा वसवितात. विष थांबले तर वस्ती परत येते. मात्र वरचे बेणे शिल्लक असले पाहिजे. म्हणून डोंगराच्या पायथ्याशी होणारी प्रत्येक फवारणी आम्हांला खालच्या दहा फवारण्यांपेक्षा जास्त भयंकर वाटते.

आता म्हातारीकडे परत जाऊन आटोपते घेतो. पुढच्या बैठकीला आम्ही त्या वाडीवर गेलो तेव्हा वहीत एक नवे पान घातले होते. वाडीतली शाळेची मुले, एक पांढरी थाळी आणि आम्ही, असे वहाळावर गेलो. ठरलेल्या जागचे दहा धोंडे उलटले आणि प्रत्येकाखाली काय दिसले ते मुलांनी लिहिले. वाडीच्या वर, जंगलाच्या कडेला, सातव्या धोंड्यालाच मुले मोजून थकली. वाडीच्या खाली, भेंडीच्या मळ्यांपलीकडे, दहा धोंड्यांत मिळून त्यांना हातापायांच्या बोटांइतकेही किडे सापडले नाहीत. हे काही शास्त्र झाले नाही, ही नुसती हजेरी आहे. पण मिरामिचीवर कोणी हजेरी घेत होते म्हणूनच गुन्हा उघडकीस आला, हे आपण नुकतेच ऐकले. आता दर वर्षी दिवाळीनंतर एकदा आणि शिमग्याच्या आधी एकदा ही हजेरी घ्यायची असे मुलांनी ठरविले आहे.

म्हातारी काठावर बसून होती. आम्ही तिला वही दाखविली. तिला वाचता येत नाही. तिने विचारले, "लिवलं ना? मंग आता बोला त्यास्नी." ते बोलणे आज आपल्यासमोर केले.